गणितात न धरलेली आखाजी

शालिग्राम मेहेत्रेला कोणत्याही गावाचं नाव सांगा, तो आधी एकच गोष्ट विचारायचा, या गावच्या लेकी कुठं कुठं दिल्या? विषय लसीचा असो, शाळेतल्या दुधाच्या भुकटीचा असो, नाहीतर विहिरीत टाकायच्या औषधाचा असो, त्याचं आपलं हेच. कचेरीत नव्यानं लागलेली पोरं तोंडावर हात धरून हसायची. त्यांना वाटायचं, साहेबांच्या घरी कोणीतरी लग्नाचं आहे. हसा बापहो, तुमचे हसायचेच दिवस आहेत. पण हा प्रश्न त्या माणसाला कोणत्या उंबऱ्यापाशी सापडला, तेवढं ऐकून घ्या अन् मग हसा.

देऊळघाटच्या माळ्याचं हे पोरगं. बाप उकंडराव मळ्यात वांगी, मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर पिकवायचा अन् माय सरस्वतीबाई टोपली डोक्यावर घेऊन बुलडाण्याच्या बाजारात बसायची. बाप लवकर गेला. मायनं मळा सोडला नाही अन् पोराला शाळाही सोडू दिली नाही. शालिग्राम अमरावतीहून गणिताची पदवी घेऊन आला तेव्हा गावाला वाटलं, हा आता मास्तर होणार. झाला कारकून, आरोग्याच्या कचेरीत, आकडे जुळवायला. हिशेब करताना त्याचे ओठ हलायचे. शेजारणी सरस्वतीबाईला म्हणायच्या, पोरगं मोठं देवभोळं आहे, सदा जप करते. जप कसला डोंबलाचा, पाढे चालायचे.

बहीण एकच, कोकिळा. धाकटी, जिभेची तिखट अन् भावावर जीव टाकणारी. ती धामणगाव बढ्याला दिलेली, राजूरचा घाट उतरून मोताळ्याच्या पुढं. दर आखाजीला तिला आणायला शालिग्रामच जायचा. आपल्याकडे आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, लेक माहेरी आली नाही तर तो सण कसला? कडुलिंबाला झोके बांधायचे, आंब्याचा रस अन् पुरणाच्या पोळ्या करायच्या, अन् लेकींनी दुपारभर झोक्यावर बसून सासूच्या नावानं गाणी म्हणायची. बहिणीला आणायला जाणारा भाऊ तो मुराळी. आखाजीच्या आधी एस.टी.त चढून पाहा, अर्धी माणसं मुराळी अन् उरलेल्या त्यांच्या बहिणी, कडेवर लेकरं घेऊन. हे शालिग्रामला कोणी सांगायला नको होतं, तो त्यातच लहानाचा मोठा झाला होता. अन् तेच नेमकं त्याच्या ध्यानातून गेलं, याला काय म्हणावं?

महाराष्ट्र राज्य होऊन तीन-चार वर्षं झाली असतील. त्या फाल्गुनात मेहकरकडे डोणगावात देवीच्या रोगानं डोकं वर काढलं. देवी म्हणजे काय, हे आजच्या पोरांना सांगून कळायचं नाही. अंगभर फोड, अंगाची लाही. जगलं वाचलं लेकरू तर तोंडभर वण राहायचे, कोणाचा डोळा जायचा, अन् कितीतरी लेकरं वाचतच नसत. त्यावर लस होती. दंडावर टोचायची, त्यालाच देवी काढणं म्हणत. मोठ्या माणसांच्या दंडावर बहुतेक ती खूण होतीच. भीती होती ती मागच्या फेरीनंतर जन्मलेल्या तान्ह्या अन् रांगत्या लेकरांची. लस मात्र थोडी. बर्फात घालून बाहेरून यायची, यायची तेव्हा यायची, अन् टोचणारी माणसं तर त्याहून थोडी. मग आधी कोणत्या गावाला द्यायची, एवढाच खरा प्रश्न होता.

आजवर त्याचं उत्तर सोपं असायचं. जो सरपंच जास्त बोंबलेल, त्याच्या गावाला. नाहीतर सगळ्या तालुक्यांना सारखी वाटणी, मग तिथं रोग असो नसो. शालिग्रामला हे पाहवेना. रोग कसा पसरतो त्याचंही गणित मांडता येतं, असं त्याला कॉलेजात एका प्राध्यापकानं शिकवलं होतं. साथ यायच्या आधीच्या हिवाळ्यातच त्यानं जिल्ह्याचा नकाशा भिंतीला लावला होता. त्याचं म्हणणं, रोगाला स्वतःचे पाय नसतात, तो माणसाच्या पायांनी चालतो. अन् माणसं गाव सोडून जातात कुठं? आठवडी बाजाराला. मग गडी बाजार हिंडला. कोणत्या गावचे लोक कोणत्या बाजारात येतात, ते पाहत बसला. ज्या दोन गावांचं येणंजाणं जास्त, त्यांच्यामध्ये मोठा आकडा, ज्यांचं कमी त्यांच्यामध्ये लहान. देवी न काढलेली लेकरं कोणत्या गावात किती, तो दुसरा आकडा. यांचे गुणाकार करत आठवड्या-आठवड्यानं पुढं सरकायचं, की आज इथं असलेला रोग पुढं कुठं जाण्याचा संभव जास्त, ते दिसायचं. जिथं संभव मोठा, तिथं लस आधी. रोग पोचायच्या आत आपण पोचायचं, सगळी खटपट त्यासाठी.

जिल्ह्याच्या आरोग्याचा भार डॉक्टर अर्जुनरावांवर होता. माणूस फटकळ, पण खोटं खपवून घेत नसे. त्यांनी नकाशा पाहिला, आकडे पाहिले अन् म्हणाले, सरपंचांपेक्षा हे बरं आहे, निदान ओरडत तरी नाही. डोणगावानंतर शालिग्रामच्या गणितानं मेहकरच्या बाजाराला जाणारी गावं दाखवली. लस तिकडं धावली. काही दिवसांनी त्यातल्याच एका गावात रोग शिरला, पण पसरला नाही, कारण लेकरांचे दंड आधीच टोचून झाले होते. कचेरीत मग शालिग्रामचा भाव वधारला. तोही जरा ताठ चालायला लागला. खोटं कशाला बोलायचं, त्याला ते आवडत होतं.

असंच एक दिवस जेवायला बसला असता सरस्वतीबाईनं विषय काढला. कोकिळेची पोरगी अन्नपूर्णा, घरात तिला सगळे अन्नी म्हणत, दीड वर्षाची झाली होती, अन् तिच्या देवी काढलेल्या नव्हत्या. धामणगावाले लस कधी जाईन, असं मायनं विचारलं. शालिग्रामनं भाकरी मोडता मोडता समजावलं, धामणगाव यादीत खूप मागं आहे. तिथला बाजार वेगळा, डोणगावचा वेगळा, तिकडून रोग इकडं यायचा संभवच कमी. मग माय म्हणाली, एक कुपी घेऊन तूच का जात नाहीस? त्यावर त्यानं सांगितलं की कुपी एकदा फोडली की त्याच दिवशी संपवावी लागते. एका लेकरासाठी फोडायची म्हणजे बाकीच्या लेकरांची लस मातीत घालायची. शिवाय कचेरीत बहीण सगळ्यांनाच आहे. आज मी नेली तर उद्या सगळेच नेतील.

माय म्हणाली, "अरे, पन बहीन आहे ना ते तुही."

"गनितात बहीन नसते, माय," तो म्हणाला.

सरस्वतीबाईनं त्याचं ताट उचललं अन् पुन्हा तो विषय काढला नाही. तुम्ही म्हणाल, काय निष्ठुर भाऊ. तसं नाही हो. वशिल्याशिवाय पान न हलणाऱ्या कचेरीत हा एक माणूस पहिल्यांदा सगळ्यांना एका मापानं मोजू पाहत होता. बहिणीसाठी वाकला असता तर त्याला दुसऱ्या कोणाला नाही म्हणायला तोंड राहिलं नसतं. त्या रात्री त्याला झोप आली नाही, एवढं मात्र खरं. मामा दिसला की अन्नी टाळ्या वाजवायची, ते त्याच्या डोळ्यांपुढून हलेना.

चैत्र अर्धा होत आला. कचेरीत कामाची गर्दी, म्हणून शालिग्राम यंदा आखाजीच्या बरेच दिवस आधीच कोकिळेला आणायला निघाला. मायनं अन्नीसाठी झबलं शिवून दिलं होतं. घाट उतरून, मोताळ्याला एस.टी. बदलून तो धामणगावात उतरला अन् बहिणीच्या आळीत वळला. पाहतो तर कोकिळेच्या दाराला कडुलिंबाचा डहाळा बांधलेला.

डहाळा दिसला की आपल्याकडे परका माणूस उंबरा ओलांडत नाही. घरात माता, म्हणजे देवीचा रोग, आली, असा त्याचा अर्थ. मग घरात फोडणी द्यायची नाही, डोक्याला तेल लावायचं नाही, बाहेरच्याची सावली लेकरावर पडू द्यायची नाही. ओट्यावर कोकिळेचा नवरा सहदेव बसला होता, दाढी वाढलेली, डोळे जागरणानं लाल. त्यानं उठून मेहुण्याला पाण्याचा तांब्या दिला अन् खालच्या आवाजात सगळं सांगितलं. शेजारच्या घरी मुलाचं लग्न निघालं, त्यासाठी त्यांची लेक सासरहून आली होती, लेकरू घेऊन. लेकराला ताप होता. लग्नघरात तिला उसंत नाही म्हणून कोकिळेनं ते लेकरू दोन दिवस कडेवर सांभाळलं. लेकराच्या अंगावर मग फोड उमटले, अन् आता अन्नीच्या.

शालिग्रामनं विचारलं, त्या लेकीचं सासर कोणतं?

सहदेव म्हणाला, डोणगाव.

शालिग्राम पायरीवर बसला तो बसलाच. बाजाराला कोण जातं? गडीमाणसं जातात, टोपल्या घेऊन म्हाताऱ्या जातात. तान्हं लेकरू घेऊन उन्हातान्हात बाजाराला कोणती पोरगी जाते? ती लेकरं आईच्या कडेवर बसून एकाच वाटेनं गाव सोडतात, माहेरच्या. अन् रोग तर त्याच लेकरांना गाठत होता. मोठ्या माणसांचे रस्ते त्यानं मोजले, अन् ज्यांच्यासाठी हा सगळा खटाटोप, त्यांचाच रस्ता सोडून दिला. जिल्ह्यातल्या कोणत्या गावची लेक कोणत्या गावाला दिली, याला बाजाराची हद्द नव्हती. डोणगावची सोयरीक धामणगावात होती, अन् आणखी कुठं कुठं असेल देव जाणे. आता आखाजी तोंडावर आलेली. सगळ्या जिल्ह्याच्या लेकी लेकरं घेऊन एकदमच वाटेला लागणार होत्या, अन् त्यांना घेऊन येणार होते त्यांचेच भाऊ.

आत अन्नी कण्हत होती. शालिग्रामच्या दंडावर देवीची खूण होती, आत गेला असता तरी त्याला काही झालं नसतं. सावलीबिवलीवर त्याचा विश्वास नव्हता. पण सहदेवची माय वच्छलाबाई दारात हात जोडून उभी राहिली. त्या म्हातारीला ओलांडून जायची त्याची छाती झाली नाही. तेवढ्यात दाराआडून कोकिळेचा आवाज आला.

"भाऊ, यंदा मी येत नाही."

झबलं हातातच होतं. कसाबसा म्हणाला, मी इथंच थांबतो, अन्नीला उतार पडेपर्यंत.

"इथं बसून काय करशीन?" कोकिळा म्हणाली. "सगळे भाऊ निघतीन आता बहिनी आनाले. तू सरकारात आहे ना? जाय, त्यायले सांग काहीतरी."

झबलं त्यानं वच्छलाबाईच्या हातात दिलं अन् परतीची एस.टी. धरली. घाट चढताना तो रडला, सगळ्यांदेखत रडला. शेजारी बसलेल्या माणसानं त्याला आपल्या विड्यातलं अर्धं पान दिलं.

दुसऱ्या दिवशी तो डॉक्टर अर्जुनरावांपुढं उभा राहिला अन् म्हणाला, "साहेब, माझं गणित चुकलं. मी बाजार धरला अन् माहेर धरलं नाही." भाचीचंही सांगितलं. डॉक्टर म्हणाले की चूक कशी झाली त्याचा निबंध नंतर लिहा, आधी नवीन गणित मांडा.

ते मांडायला माहिती कुठून आणायची? शालिग्राम रोग असलेल्या गावांना गेला अन् थेट विहिरींवर जाऊन उभा राहिला. पाणी भरायला आलेल्या सुनांना माहेर विचारायला लागला. आता कोण कुठला परका बाप्या, अन् सुनांचं माहेर विचारतो. डोणगावात रुखमाबाई नावाच्या सासूनं त्याच्यावर बादली उगारली. त्यानं हात जोडून खरं काय ते सांगितलं, तेव्हा तिनं बादली खाली ठेवली अन् आळीतल्या घरागणिक कोणाची सून कुठली अन् लेक कुठं दिली, सगळं सांगून टाकलं. नकाशावर जुन्या आकड्यांच्या जागी नवे आकडे आले. बाजाराच्या हिशेबानं जी गावं एकमेकांना ओळखतही नव्हती, ती आता सख्खी निघाली. मोताळ्याकडची मागं पडलेली गावं एकदम पुढं आली.

लस शिल्लक होती ती एकाच भागाला पुरेल एवढी. जुन्या गणितानं बुलडाण्याच्या बाजारालगतची गावं वर होती, म्हणून ती राखून ठेवली होती. त्यात देऊळघाट पहिलं. शालिग्रामनं डॉक्टरांना सांगितलं, ही तिकडून काढा अन् इकडं द्या. डॉक्टरांनी चष्म्यावरून पाहिलं अन् विचारलं की तुझी आई तिथंच राहते ना. तो हो म्हणाला. आळीतली लेकरं, लहानपणापासून ज्यांच्या घरचं खाल्लं त्यांची नातवंडं, सगळी त्याला दिसत होती. उद्या तिथं काही झालं असतं तर गावानं त्याला दारात उभं केलं नसतं, अन् त्याला ते ठाऊक होतं.

दुसरी गोष्ट त्यानं केली ती अशी. टोचणाऱ्यांपैकी काही जणांना गावोगाव धाडण्याऐवजी मेहकर, चिखली, बुलडाणा, मोताळा इथल्या एस.टी. स्टँडवर बसवलं. माहेरी जाणारी लेकरं तिथं एकामागून एक येणारच, म्हणजे फोडलेली कुपी वायाही जायची नाही. गावोगाव दवंडी दिली, मुराळ्यांनो, बहिणीला खुशाल आणा, पण लेकराच्या देवी काढून आणा, अन् ज्याच्या घरी ताप असेल त्यानं यंदा थांबा. भांडणं काय कमी झाली? भाऊ म्हणे, माझी बहीण स्टँडवर परक्यासमोर लेकराचा दंड उघडा करणार नाही. बहीण म्हणे, तू गप रे, अन् लेकराचं झबलं वर सारायची. लेकरं भोकांड पसरायची. स्टँडवर कोणाचं कोणाला ऐकू येत नव्हतं.

रोग पुढं गेलाच नाही असं नाही. दोन-तीन नव्या गावांत शिरला, अन् तिथल्या काही घरांत त्या आखाजीला झोका बांधला गेला नाही. पण ज्याची धास्ती होती, की सण सरता सरता सगळा जिल्हा पेटेल, ते टळलं. देऊळघाटला काही झालं नाही. ते गणितामुळं की नशिबानं, हे शालिग्राम शेवटपर्यंत सांगू शकला नाही.

अन्नी वाचली. चेहरा वणांनी भरला अन् डावा डोळा गेला. निरोप आला तेव्हा सरस्वतीबाई पदर तोंडाला लावून खूप वेळ बसली. मी तुला म्हटलं होतं, असं ती एकदाही म्हणाली नाही. तिनं म्हणावं असं शालिग्रामला फार वाटायचं. तिनं दोन शिव्या दिल्या असत्या तर तो मोकळा झाला असता.

पुढच्या आखाजीला तो पुन्हा मुराळी होऊन गेला. कोकिळा आली, अन्नी आली, अन् कडेवर नवा दोन महिन्यांचा मुलगा, त्याच्या देवी शालिग्रामनं आधीच काढवून घेतलेल्या. मळ्यातल्या कडुलिंबाला सरस्वतीबाईनं झोका बांधला. बायकांची गाणी झाली, पोळ्या झाल्या, अन् दुपार कलल्यावर झोक्यापाशी भाऊ-बहीण अन् लेकरं तेवढी राहिली. वर्षभर जे गिळून बसला होता ते शालिग्रामनं तेव्हा सांगितलं. मायनं मला अन्नीच्या लसीचं विचारलं होतं, अन् मी नाही म्हटलं, म्हणाला.

कोकिळा मुलाला थोपटत होती. म्हणाली, "मायले मीच म्हनलं होतं. मले भेटाले आलती तव्हा. म्हनलं, भाऊले इचारून पाह्य. लस आली नाही, तव्हाच मी समजले."

शालिग्रामला आधी कळलंच नाही. मग कळलं. म्हणजे त्या दिवशी दाराआड ती उभी होती, आत पोरगी फणफणत होती, तेव्हा तिला सगळं ठाऊक होतं.

"तुले ठाऊक होतं?" त्यानं विचारलं. "तरी मले बाकीच्यांसाठी धाडलं?"

"मंग काय करू? तुले शिव्या देत बसू?" कोकिळा म्हणाली. "माह्या पोरीचं तर झालंच होतं. बाकीच्या लेकरायचं बाकी होतं ना."

तिनं ते भांडून म्हटलं नाही, रडूनही नाही. आज ऊन फार आहे म्हणावं, तसं म्हटलं. अन्नी झोक्यावर बसून केव्हाची वाट पाहत होती. मान वळवून उजव्या डोळ्यानं मामाला शोधत ती म्हणाली, मामा, झोका दे.

शालिग्राम उठून तिच्या मागं जाऊन उभा राहिला. समोर उभं राहून त्या चेहऱ्याकडे पाहायचं बळ त्याच्यात त्या घडीला नव्हतं. त्यानं झोका दिला. पोरगी वर गेली, खिदळली, खाली आली अन् म्हणाली, आनखी. तो देत राहिला, हात भरून आले तरी देत राहिला.